आधी भाषा, मग राज्य : एस्टोनियाची ओळख

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, फिनलंडच्या दक्षिणेला, लाटव्हियाच्या उत्तरेला आणि रशियाच्या पश्चिमेला एस्टोनिया हा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढे आहे. लोकसंख्या मात्र जेमतेम पावणेचौदा लाखांच्या घरात असून त्यांतील सुमारे एक-तृतीयांश लोक एकट्या टॅलिन या राजधानीत राहतात. या मुलखावर सुमारे सातशे वर्षे परक्यांची सत्ता होती. अशाच सत्तेखाली आलेल्या जुन्या प्रशियन लोकांची भाषा अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नामशेष झाली, आणि एस्टोनियनची जवळची आप्त असलेली लिव्होनियन भाषा मातृभाषा म्हणून बोलणारी शेवटची व्यक्ती २०१३ मध्ये निवर्तली. मग त्याच परिस्थितीत सापडलेली एस्टोनियन भाषा कशी वाचली आणि आज तिच्यात विद्यापीठ, न्यायालय व संसद यांचा कारभार कसा चालतो, हा या देशाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे मला वाटते. त्याचा माग घेतला म्हणजे एस्टोनियाचा भूगोलही समजतो आणि इतिहासही.

हा देश सखल आहे. त्याचे सर्वोच्च ठिकाण, आग्नेयेकडील सूउर मुनामॅगी ही टेकडी, केवळ ३१८ मीटर उंच आहे. हिमयुगात या प्रदेशावर बर्फाचा प्रचंड थर होता. तो वितळल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली, आणि वायव्य किनाऱ्यावर ती आजही दरवर्षी दोन-तीन मिलिमीटरने उचलली जात आहे. समुद्रात दोन हजारांहून अधिक लहानमोठी बेटे आहेत. त्यांपैकी सारेमा आणि हीउमा ही सर्वांत मोठी. देशाचा जवळजवळ निम्मा भाग पाइन, स्प्रूस आणि बर्च वृक्षांच्या जंगलांनी व्यापला आहे, आणि जंगलांच्या मधोमध पीटने, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी, भरलेल्या विस्तीर्ण दलदली आहेत. सोमा या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात हिवाळ्याच्या अखेरीस बर्फ वितळून नद्यांचे पाणी शेतांवर आणि रस्त्यांवर पसरते. तेथील लोक या पुराच्या काळाला पाचवा ऋतू म्हणतात आणि एकाच लाकडापासून कोरलेल्या होड्यांतून ये-जा करतात. पूर्वेला पेइप्सी हे युरोपातील मोठ्या सरोवरांपैकी एक सरोवर आहे आणि रशियाशी असलेली सीमा बऱ्याच अंतरापर्यंत त्याच्या पाण्यातून जाते.

थंड हवामान, पातळ माती आणि लांब हिवाळा यांमुळे येथे राय नावाचे धान्य पिकवले गेले, आणि त्याच्या आंबवलेल्या पिठाची काळी पाव-भाकरी हा जेवणाचा गाभा बनला. सामान्य एस्टोनियन घरात आजही या पावाला जो मान आहे तो इतर कोणत्याही पदार्थाला नाही. त्याच्यासोबत स्प्रॅट नावाची मुरवलेली छोटी मासळी, दह्यात किंवा ताकात कालवलेले भाजक्या धान्यांचे आणि वाटाण्याचे ‘कामा’ हे पीठ आणि नाताळात रक्त व बार्ली भरलेली सॉसेज असा साधा आहार असतो. आग्नेयेकडील व्होरूमा भागातील धुराच्या सौनाची परंपरा युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. धुराडे नसलेल्या लाकडी खोलीत दगड तासन्‌तास तापवायचे, धूर बाहेर काढायचा, आणि मग कुटुंबाने एकत्र बसून वाफ घ्यायची अशी ही रीत आहे. पूर्वी बाळंतपणेही याच खोलीत होत आणि मृतांना अखेरची आंघोळही येथेच घातली जाई, त्यामुळे तिला केवळ स्नानगृह मानणे हा तिच्यावर अन्याय ठरेल.

एस्टोनियन भाषा इंडो-युरोपीय कुळातील नाही. तिचे नाते फिनिशशी अगदी जवळचे आणि हंगेरियनशी दूरचे आहे. शेजारच्या लाटव्हियन किंवा रशियन भाषेपेक्षा ती मुळातच वेगळी आहे. तिच्यात नामांच्या चौदा विभक्ती आहेत, परंतु व्याकरणिक लिंग अजिबात नाही. तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी वाचकाला याचे नवल वाटेल. भाषेचे हे वेगळेपण तिच्या टिकण्याला अंशतः कारणीभूत ठरले असावे, कारण शासकांच्या भाषेत ती नकळत विरघळून जाणे शक्य नव्हते. पण केवळ वेगळेपण पुरेसे असते, तर लिव्होनियनही वाचली असती.

तेराव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या नावाखाली जर्मन धर्मयोद्धे दक्षिणेकडून आणि डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्डेमार उत्तरेकडून या प्रदेशात शिरले. १२१९ मध्ये डॅनिश सैन्याने आजच्या टॅलिनच्या जागी विजय मिळवला, आणि डेन्मार्कचा लाल-पांढरा ध्वज याच लढाईत आकाशातून पडला अशी आख्यायिका आहे. १३४३ मध्ये शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला. तो निष्ठुरपणे मोडून काढण्यात आला आणि त्यानंतर तीनच वर्षांत डेन्मार्कने उत्तर एस्टोनिया जर्मन धर्मयोद्ध्यांच्या ट्यूटॉनिक संघाला विकून टाकला. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत स्वीडन आणि पोलंड यांनी हा मुलूख आपसांत वाटून घेतला, मग तो संपूर्ण स्वीडनकडे गेला, आणि १७१० मध्ये रशियाच्या झारने तो जिंकला. राजे बदलले, परंतु जमीन मात्र जर्मन सरदारांच्याच हाती राहिली. शहरांत व्यापारी जर्मन बोलत, चर्चमध्ये पाद्री जर्मन असत, आणि एस्टोनियन ही सरदारांच्या जमिनीला बांधून शेतावर राबणाऱ्या भूदासांची भाषा होती. टॅलिनचे जुने शहर पाहताना हे थर आजही स्पष्ट दिसतात : वर टूमपिया टेकडीवर सत्ताधाऱ्यांचा किल्ला, आणि खाली हान्सा व्यापारी संघाच्या भरभराटीच्या काळातील घरे, गुदामे व १४०४ मध्ये पूर्ण झालेले गॉथिक शैलीचे नगरभवन. युनेस्कोने १९९७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केलेले हे देखणे शहर ज्यांच्या श्रमांवर पोसले गेले, त्यांना त्यात दुय्यम स्थानच होते.

याच अंधाऱ्या काळात या भाषेला वाचवणारी एक गोष्ट घडत होती. धर्मसुधारणेच्या चळवळीनंतर येथे ल्यूथरपंथ रुजला, आणि प्रत्येक माणसाने धर्मग्रंथ स्वतः आपल्या भाषेत वाचावा हा त्या पंथाचा आग्रह होता. १५३५ मध्ये जर्मनीत विटेनबर्ग येथे जर्मन आणि एस्टोनियन अशा दोन्ही भाषांत एक धर्मप्रश्नोत्तरी छापली गेली. तिची काही पाने आज उपलब्ध आहेत. १६३२ मध्ये स्वीडनच्या राजाने टार्टू येथे विद्यापीठ स्थापन केले, आणि १६८४ मध्ये बेंग्ट गॉटफ्रीड फोर्सेलियस याने त्याच शहराजवळ गावशाळांसाठी शिक्षक तयार करणारी संस्था काढून शेतकऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवण्याची सोपी पद्धत रूढ केली. १७३९ मध्ये संपूर्ण बायबल एस्टोनियनमध्ये छापून झाले. चर्चमधील दृढीकरणाच्या, म्हणजे तरुणांना पंथाचे पूर्ण सदस्य करून घेण्याच्या, विधीसाठी वाचता येणे आवश्यक मानले जाई, म्हणून चरख्यापाशी बसलेल्या आयाच मुलांना अक्षरे शिकवू लागल्या. अठराव्या शतकात मोरेव्हियन बंधुसंघ नावाच्या भक्तिपर चळवळीने गावोगाव प्रार्थनागृहे उभारली आणि चार आवाजांत एकत्र गाण्याची सवय लावली. १८९७ च्या रशियन जनगणनेत एस्टोनियन लोकांमधील वाचता येणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक भरले. त्या वेळच्या रशियन साम्राज्यात हे प्रमाण अपवादात्मक होते. ज्या लोकांकडे जमीन नव्हती, मतदानाचा हक्क नव्हता आणि राजसत्ता तर नव्हतीच, ते जवळजवळ सर्वच लोक वाचक बनले होते, आणि माझ्या मते एस्टोनियाच्या इतिहासातील निर्णायक घटना हीच आहे.

भूदासपद उत्तर भागात १८१६ मध्ये आणि दक्षिण भागात १८१९ मध्ये रद्द झाले. जमीन मात्र लगेच मिळाली नाही. शतकाच्या मध्यानंतर शेतकऱ्यांना आपापली शेते विकत घेता येऊ लागली, तेव्हा मुलांना पुढे शिकवण्याइतका पैसा हाती येऊ लागला. १८५७ मध्ये योहान वोल्देमार यान्सेन या शिक्षकाने पार्नू येथे एक साप्ताहिक सुरू केले आणि तोवर स्वतःला नुसते ‘गावाकडचे लोक’ म्हणवणाऱ्या वाचकांना पहिल्याच अंकात ‘एस्टोनियन जनहो’ असे संबोधले. त्याच वर्षापासून फ्रिडरिश राइनहोल्ड क्रॉइट्सवाल्ड या व्होरूच्या डॉक्टराने लोककथा आणि लोकगीते यांच्या आधारे रचलेले ‘कालेविपोएग’ हे सुमारे १९ हजार ओळींचे महाकाव्य प्रसिद्ध होऊ लागले. १८८८ मध्ये याकोब हुर्त या पाद्र्याने वृत्तपत्रांतून लोकांना आवाहन केले की आपापल्या गावातील गाणी, म्हणी, कहाण्या आणि समजुती लिहून पाठवाव्यात. शेकडो शेतकरी, शिक्षक आणि कारागीर कामाला लागले आणि एक लाखाहून अधिक पानांचा संग्रह तयार झाला. हा संग्रह आज टार्टूच्या साहित्य संग्रहालयात जतन केलेला आहे. एखाद्या विद्वानाने गावोगाव फिरून केलेल्या संकलनापेक्षा याचे मोल निराळे आहे, कारण येथे लोकांनीच स्वतःचा वारसा लिहून काढला.

गीत महोत्सवाची सुरुवात १८६९ मध्ये टार्टू येथे झाली. दक्षिण भागातील भूदासमुक्तीला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त सांगून यान्सेन यांनी झारच्या अधिकाऱ्यांकडून परवानगी मिळवली होती. आठशेहून अधिक गायक आणि वादक जमले. सर्व गायकवृंद पुरुषांचे होते आणि बहुतेक गाणी जर्मन संगीतकारांची होती. एस्टोनियन संगीतकाराच्या केवळ दोन रचना होत्या, आणि त्या दोन्हींचे शब्द यान्सेन यांची मुलगी, कवयित्री लिडिया कोइदुला, हिचे होते. यान्सेन यांनीच फ्रेडरिक पासियस या संगीतकाराच्या चालीवर लिहिलेले एक गीतही तेथे गायले गेले. तेच पुढे एस्टोनियाचे राष्ट्रगीत झाले, आणि फिनलंडचे राष्ट्रगीतही त्याच चालीवर आहे. आता हा महोत्सव साधारणपणे दर पाच वर्षांनी टॅलिनच्या किनाऱ्यालगतच्या मैदानावर भरतो, तीस हजारांच्या आसपास गायक एका वेळी उभे राहतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण व्यवसायाने गायक नसून महिनोन्‌महिने आपल्या गावात सराव करून आलेले शाळकरी, शेतकरी, परिचारिका आणि अभियंते असतात.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रशियन साम्राज्य कोसळत असताना आणि जर्मन सैन्य पुढे सरकत असताना, मधल्या एका दिवसाच्या पोकळीत, २४ फेब्रुवारी १९१८ रोजी टॅलिनमध्ये स्वातंत्र्य जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी जर्मन फौजा शहरात शिरल्या. जर्मनीचा पराभव झाल्यावर सोव्हिएत लाल सेनेने ईशान्य सीमेवरील नार्वाकडून आक्रमण केले, तेव्हा एस्टोनियाने फिनलंडच्या स्वयंसेवकांच्या आणि ब्रिटिश नौदलाच्या मदतीने वर्षभराहून अधिक काळ युद्ध केले. २ फेब्रुवारी १९२० रोजी टार्टूचा तह झाला आणि सोव्हिएत रशियाने या भूमीवरील सर्व हक्क कायमचे सोडल्याचे मान्य केले. नव्या राज्याने १९१९ मध्येच सरदारांच्या जहागिरी ताब्यात घेऊन भूमिहीनांना जमिनी वाटल्या होत्या. १९२५ मध्ये अल्पसंख्याकांना स्वतःची सांस्कृतिक परिषद निवडून आपल्या शाळा चालवण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. जर्मन आणि ज्यू समाजांनी त्याचा उपयोग करून घेतला. स्वतःची भाषा शतकानुशतके दडपली गेलेल्या लोकांनी सत्ता मिळताच इतरांच्या भाषेला असे संरक्षण द्यावे, ही मला त्या काळातील सर्वांत उजळ गोष्ट वाटते. १९३४ मध्ये मात्र सरकारप्रमुख कोन्स्टान्टिन पॅट्स यांनी सत्ता आपल्या हाती केंद्रित केली आणि लोकशाही स्थगित झाली.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी केलेल्या कराराच्या गुप्त कलमांत एस्टोनिया सोव्हिएत वाट्याला टाकण्यात आला. जून १९४० मध्ये लाल सेनेने देश व्यापला आणि ऑगस्टमध्ये तो सोव्हिएत संघात सामील केला. १४ जून १९४१ रोजी सुमारे दहा हजार माणसांना, त्यांतील अनेक स्त्रिया आणि मुले, मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे नेण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच जर्मन सैन्य आले. देशातील बहुतेक ज्यू नागरिक आधीच रशियात निसटले होते. मागे राहिलेल्या सुमारे एक हजार ज्यूंना नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी ठार केले. १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा पुन्हा चालून येताना दिसताच सत्तर हजारांहून अधिक लोक होड्यांतून स्वीडनला आणि जर्मनीला निघून गेले. मार्च १९४९ मध्ये सामूहिक शेती लादण्यासाठी आणखी वीस हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले गेले. त्याच वेळी उद्योगांसाठी संघाच्या इतर भागांतून कामगार आणले जात होते, त्यामुळे १९३४ मध्ये लोकसंख्येत ८८ टक्के असलेले एस्टोनियन १९८९ मध्ये ६१ टक्क्यांच्या जवळ आले. आपण आपल्याच देशात अल्पसंख्य होऊ ही भीती आकडेवारीवर उभी होती, आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे राजकारण समजत नाही.

सोव्हिएत राजवटीने गीत महोत्सव बंद केला नाही. तो आपल्या प्रचारासाठी वापरण्याचा प्रयत्न केला. १९४७ च्या महोत्सवात गुस्ताव एर्नेसाक्स यांनी कोइदुलाच्या जुन्या देशप्रेमाच्या कवितेला दिलेली नवी चाल गायली गेली. नंतर ते गीत कार्यक्रमातून वगळण्यात आले, परंतु १९६० मध्ये गायकांनी ते आपणहून सुरू केले आणि १९६५ पासून ते पुन्हा अधिकृत झाले. १९८७ मध्ये उत्तरेकडील फॉस्फेटच्या नियोजित खाणींविरुद्ध आंदोलन झाले. पर्यावरणाबरोबरच नव्या कामगारांचे लोंढे येतील ही चिंताही त्यामागे होती. १९८८ च्या उन्हाळ्यात त्याच गीत मैदानावर रात्रीमागून रात्री लोक जमून बंदी असलेल्या निळ्या-काळ्या-पांढऱ्या ध्वजांखाली गात राहिले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी, हिटलर-स्टालिन कराराच्या पन्नासाव्या वर्षदिनी, टॅलिनपासून लाटव्हियातील रीगामार्गे लिथुआनियातील व्हिल्नियसपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटर लांबीची मानवी साखळी उभी राहिली. तीन बाल्टिक देशांतील सुमारे वीस लाख लोक तिच्यात सामील झाल्याचे मानले जाते. दोन वर्षांनी मॉस्कोतील सत्तापालटाच्या फसलेल्या प्रयत्नाच्या धामधुमीत, २० ऑगस्ट १९९१ रोजी, एस्टोनियाने स्वातंत्र्य पुनःस्थापित केल्याचे घोषित केले.

येथे ‘पुनःस्थापना’ या कल्पनेकडे नीट पाहिले पाहिजे, कारण आजच्या बहुतेक वादांचे मूळ तिच्यात आहे. एस्टोनियाच्या दृष्टीने १९९१ मध्ये नवा देश जन्मला नाही. १९१८ चा देश कायद्याने कधी संपलाच नव्हता, तो केवळ परकीय कब्जाखाली होता. अमेरिकेने आणि इतर अनेक पाश्चात्त्य देशांनी हे विलीनीकरण मान्य केलेले नव्हते, आणि न्यूयॉर्कमधील एस्टोनियाचा वाणिज्य दूतावास संपूर्ण सोव्हिएत काळात चालू राहिला. या भूमिकेचा तर्कशुद्ध परिणाम असा झाला की १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्व आपोआप मिळाले, तर सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेल्यांना आणि त्यांच्या मुलांना भाषेची व राज्यघटनेची परीक्षा देऊन ते मिळवावे लागले. १९९२ मध्ये देशातील जवळपास एक-तृतीयांश रहिवासी कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. आता हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले आहे. कायद्याच्या दृष्टीने ही भूमिका सुसंगत होती, हे खरे. पण टॅलिनमध्येच जन्मलेल्या आणि दुसरा देश न पाहिलेल्या माणसाला ती दुखावणारी वाटली, हेही तितकेच खरे आहे.

राज्य पुन्हा गमावले तर काय, या काळजीने संगणकीय कारभारालाही वळण दिले. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी जाहीर केलेल्या ‘टायगर लीप’ या योजनेतून शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट पोचले. २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ ही व्यवस्था सुरू झाली. तिच्यात सर्व नागरिकांची माहिती एकाच कोठारात साठवली जात नाही. रुग्णालय, करखाते, जमीन नोंदणी अशा प्रत्येक खात्याची माहिती त्या त्या खात्याकडेच राहते, गरजेपुरतीच सुरक्षितपणे मागवली जाते, आणि आपली माहिती कोणी पाहिली हे अनेक नोंदींच्या बाबतीत नागरिकाला स्वतः तपासता येते. २००२ पासून प्रत्येकाला इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी करता येणारे ओळखपत्र मिळाले, २००५ मध्ये इंटरनेटवरून मतदान सुरू झाले, आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते त्याच मार्गाने पडली. २००७ मध्ये टॅलिनमधील सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा हलवल्यावर दंगली झाल्या आणि बँका, वृत्तपत्रे व सरकारी संकेतस्थळे यांच्यावर काही आठवडे सायबर हल्ले चालले. त्यानंतर एस्टोनियाने आपल्या महत्त्वाच्या सरकारी नोंदींच्या प्रती लक्झेंबर्गमधील ‘डेटा दूतावासात’, म्हणजे दूतावासासारखे संरक्षण असलेल्या संगणक-केंद्रात, ठेवल्या, जेणेकरून भूमी शत्रूच्या हाती गेली तरी राज्याच्या नोंदी आणि त्यांवर आधारलेले हक्क शाबूत राहावेत. २००४ मध्ये मिळालेले नाटो व युरोपीय संघाचे सदस्यत्व आणि २०११ मध्ये स्वीकारलेला युरो यांमागेही सुरक्षिततेचीच ओढ होती.

आजचा सर्वांत कठीण प्रश्न ईशान्येकडील नार्वा शहरात आहे. नदीच्या एका तीरावर हेर्मान किल्ला आणि समोरच्या तीरावर रशियाचा इवानगोरोद किल्ला असे हे सीमेवरचे गाव १९४४ मध्ये बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले, मूळ रहिवाशांना परतू दिले गेले नाही, आणि तेलयुक्त शेल खडकाच्या खाणी, वीजकेंद्रे व कापडगिरण्या यांच्यासाठी रशियन भाषक कामगार वसवले गेले. तेथील बहुसंख्य लोकांची मातृभाषा आजही रशियन आहे, आणि देशभरात रशियन वंशाचे लोक पाचांत एक या प्रमाणात आहेत. सप्टेंबर २०२४ पासून रशियन माध्यमाच्या शाळांमध्ये पहिली आणि चौथीच्या वर्गांपासून एस्टोनियन माध्यमात शिकवण्यास सुरुवात झाली असून हा बदल टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांपर्यंत नेला जात आहे. एकत्र शिकलेली मुले उद्या एकत्र नोकरी करतील हा सरकारचा युक्तिवाद मला पटतो. परंतु १९२५ च्या कायद्याने अल्पसंख्याकांना दिलेली मोकळीक आठवली की रशियन भाषेच्या शिक्षणालाही या व्यवस्थेत सन्मानाची जागा हवी असे वाटते. सध्या सर्वांत मोठी अडचण आहे ती शिक्षकांची. नार्वासारख्या ठिकाणी उत्तम एस्टोनियन येणारे शिक्षक पुरेसे मिळत नाहीत, म्हणून शासनाने त्या भागात जाणाऱ्यांना अधिक वेतन देऊ केले आहे, आणि आधीपासून तेथे शिकवणारे अनेक शिक्षक स्वतःच भाषेच्या परीक्षेचा अभ्यास करत आहेत.